सीटखालचं इंजिन

माझं नाव सिंधू. माहेर ताम्हिनीचं, आनि सासर पौडाच्या म्होरं धरनाच्या अंगाला एक वाडी हाय, तितलं. ताम्हिनी म्हंजे पाऊस, ताई, दुसरं काय सांगू तुमाला, पावसाळाभर कापडं वाळत न्हाईत, चुलीवर दोरी बांधून वाळवायची आनि शाळंत जायचं ते धुरकट वासाचा झगा घालून. बाप भाताची खाचरं करायचा, आई रस्त्याकडंच्या ढाब्यावर भाकऱ्या थापायची. कोकनातनं घाट चढून आलेल्या मोटारी त्या ढाब्यावर तोंड उघडून उभ्या राहायच्या, वाफ यायची, लोकं खाली उतरून शिव्या द्यायची, आनि आई मला म्हनायची, जा गं, कळशी नेऊन दे त्यास्नी. तवा मला वाटायचं मोटारीला बी मानसावानी तहान लागती. गाडीबद्दल माझं शिक्षान एवढंच. लग्नात जीपमधी बसले तीच पहिली, ती बी उलटी करत.

आमचे हे, म्हंजे माझे मालक, त्यास्नी मात्र गाडीचं लई वेड. खाचरातला चिखल पायाला असायचा आनि डोकं गाडीत. घर झालं, पोरगी झाली, मग ह्यांनी एक व्हॅन आनली, दुसऱ्याची वापरलेली, पांढरी, चौकोनी पेटीवानी. आनली त्या दिवशी नारळ फोडला आनि मला सीट उचलून दाखवलं, ह्ये बघ, हितं हाय इंजिन. ड्रायवरच्या बुडाखाली इंजिन! मी म्हनलं, अवो, चुलीवर बसून जायचं व्हय? तर म्हने, येडी हायेस, जपानी इंजिन हाय हे, जपान्यांनी केलेलं, हितल्या कारखान्यात बनवलेलं, तीन सिलिंडर, आठशे सीसी, कागदावर आठशेला चार कमी, आनि मरन म्हनून न्हाई ह्याला. मरन न्हाई, हे खरं बोलले. पन आजारपन किती, ते न्हाई बोलले.

आता तुमी म्हनाल हिला काय कळतंय इंजिनातलं. मला जेवढं कळतंय तेवढं सांगती. आमच्याकडं पूर्वी भात कांडायचं, तीन बाया एका उखळाभवती उभ्या राहायच्या, एकीचं मुसळ खाली, दुसरीचं मधी, तिसरीचं वर. ताल बसला की कसं, धम धम धम, मधी जागाच न्हाई. ह्या इंजिनाचं तसंच हाय. तीन दट्टे, आळीपाळीनं. त्यातली एक बाई बसली खाली तर बाकीच्या दोघींचा बी ताल जातो, गाडी लंगडती, त्याला हे लोक मिसिंग म्हनत्यात. प्लग काळा पडला की मिसिंग, पावसात वायरीत पानी गेलं की मिसिंग, काबरेटरात कचरा आला की मिसिंग. चार सिलिंडरवाल्याला एक गेली तर तीन उरत्यात. आमच्याकडं दोनच उरत्यात, आनि चढ तर समोर उभाच.

पन मिसिंग परवडलं, ताई. प्लग काढून पुसला, वायर फडक्यानं कोरडी केली, झालं. खरा छळ हाय तो तापायचा. इंजिन सीटखाली, आनि त्याला गार करनारा रेडिएटर गाडीच्या नाकात, मधी लांबलचक पायपा, तळाखालनं गेलेल्या. त्या पायपात हवा अडकली की पानी फिरत न्हाई. तुमी वरनं पानी ओता, रेडिएटर भरलेला दिसतोय, पान्याचा डबा भरलेला दिसतोय, आनि इंजिन कोरडंच. वरचं हेड, टोपीवानी बसतं ते, अलमीनचं, खालचा ब्लॉक बिडाचा. तापलं की अलमीन फुगतं, वाकतं, मधलं गॅसकेट, म्हंजे दोघांमधला पातळ पत्रा, जळतं, आनि मग पानी ऑइलात, ऑइल पान्यात, झाकन उघडून बघावं तर आतनं चहाच्या सायीवानी पिवळं. हे समदं मी पुस्तकात न्हाई वाचलं. हे समदं मी रस्त्यावर उभं राहून शिकले, उन्हात, लोकांचे हॉर्न ऐकत.

मी गाडी चालवायला कशी लागले ते सांगायचं राहिलंच. हे पत्र्यावर चढले होते, शेवाळ काढायला, आनि घसरले. मनक्याला मार बसला. चालत्यात, फिरत्यात, पन बसायला लागलं की कळ येती, गाडी तर बंदच झाली. व्हॅन दारात उभी. तिच्यावर कोंबड्या बसाय लागल्या. तवा वाडीतल्या बाया सूसला कामाला जायला लागल्या होत्या. सूस म्हंजे पूर्वी गावच की वो, आपल्यासारखं, आता तितं सोसायट्या, उंचच्या उंच, मान मोडती बघताना. बायास्नी तितं हाऊसकीपिंगचं काम, म्हंजे जिने झाडायचे, लाद्या पुसायच्या, काचा पुसायच्या. येश्टी येळंवर येत न्हाई, पौडात उतरून दुसरी धरायची, पिरंगुटात तिसरी, आनि गेटवर अंगठा लावायचं मशीन. उशीर झाला की आर्धा दिवस कापला.

शेजारची कमळ, माझ्याच बरोबरीची, एकदम फटकळ बाई. ती एक दिवस आली, कोंबड्या हाकलल्या आनि म्हनाली, सिंधे, ही गाडी तू चालव. मी म्हनलं, मला सायकल येत न्हाई. ती म्हनाली, सायकल पडती, ही पडत न्हाई, तू शीक, आमी समद्या बसतो, पेट्रोल आमी देतो. आनि खरंच, ह्यांनी मला शिकवलं, भाताच्या खळ्यात, शेजारी उशी घेऊन बसायचे आनि कण्हत कण्हत ओरडायचे, क्लच, क्लच, अगं क्लच! लायसन झालं. पौड, पिरंगुट, लवळं, नांदं, सूस. सकाळी बाया भरायच्या, दिवसभर मी बी तितंच लाद्या पुसायची, सांच्याला बाया भरून माघारी. कमळ म्होरं माझ्या शेजारी बसायची आनि वाटभर गाडीवाल्यांना नावं ठेवायची. सुखाचे दिवस होते ते, मी न्हाई म्हननार न्हाई.

मग तापायला लागली. पहिल्यांदा लवळ्याच्या चढाला काटा वर गेला. थांबलो, गार केली, गेलो. पिरंगुटच्या गॅरेजवाल्याला दाखवली. त्यानं काय इचारावं पहिल्यांदा? मालक कुटंत? मी म्हनलं, मालक घरी हायेत, मनका दुखतोय, गाडी मी चालवती, काय ते मला सांगा. तो फोन मागायला लागला ह्यांचा. फोनवर ह्यांच्याशी बोलला, मी शेजारी उभी, गाडी मी आनलेली, तापलेली मी बघितलेली, आनि हा फोनवर सांगतोय, दादा, थर्मोस्टॅट गेलाय. तो, म्हंजे इंजिन तापेस्तवर पानी आडवनारी झडप, बदलला. परत तापली. दुसरा म्हनला, थर्मोस्टॅट ठेवायचाच कशाला, काढूनच टाकू. काढून टाकला. मग थंडीच्या दिवसात गाडी गरमच होईना, पेट्रोल ढोसायला लागली, आनि चढाला मात्र तापायचं ते तापायचीच. तिसऱ्यानं रेडिएटर बदलला. चौथ्यानं हेड खोललं, गॅसकेट नवीन घातलं आनि म्हनला, आता बघायचंच न्हाई. प्रत्येक जन आधीच्याला मूर्ख म्हनायचा, आनि प्रत्येक जन मला इचारायचा, मालक कुटंत?

मी त्यास्नी सांगायची, ट्रॅफिकमधी उभी असताना तापत न्हाई ही, पंखा येवस्थित फिरतोय, चढालाच तापती, जोर लागला की तापती. तर हसायचे. एक जन म्हनला, मावशी, तुमी बाया लई बसवताय, म्हनून तापती. बाया जास्त होत्या, खरं हाय, दाटीवाटीनं बसायच्या. पन पावसाळ्यात ह्याच बाया बसत होत्या ना, तवा का न्हाई तापली? रस्त्यात उभं राहिलं की आजून गंमत. चार मानसं जमायची, मोटारसायकलवरची पोरं, टेंपोवाले, एक जन म्हनायचा ह्यात दमच न्हाई, दुसरा म्हनायचा विका भंगारात, तिसरा म्हनायचा नवीन सीएनजी घ्या की. जसं काय आमी हौस म्हनून जुनी चालवतोय. पान्याची बाटली द्या म्हनलं तर कुनाकडं न्हाई.

त्या दिवशीचं सांगती. उन्हाळा होता. नांद्याच्या म्होरं चढाला काटा लालमधी गेला, मी गाडी बाजूला घेतली, बंद केली. नाकातनं वाफ. मी बायास्नी सांगितलं, कुनी हात लावायचा न्हाई, बसा झाडाखाली, गार होऊ द्या. तेवढ्यात सुपरवायजरचा फोन आला कमळला. तिलाच यायचा, ती आमची म्होरकी. तो पोरगा कालपरवा लागलेला, तोंडात नुसती हिंदी, कहां हो, आज साहब लोग आनेवाले हैं, लॉबी गंदी पडी है, आज नहीं आये तो कल मत आना, सब के सब. तिनं फोन कानाला लावलेला आनि त्याचा आवाज आमाला समद्यास्नी ऐकू येतोय. ती नुसती हां सर, हां सर. फोन ठेवला आनि सरळ गाडीच्या तोंडाशी. मी पानी आनायला खाली वढ्याकडं निघालेली, मागं वळून बघितलं तर तिनं पदराचा बोळा करून रेडिएटरच्या झाकनावर ठेवलेला. मी ओरडले, कमळे, नको, गं, नको! तिनं फिरवलं.

काय सांगू तुमाला. पानी न्हाई ते, ताई, उकळी हाय ती, दाबून धरलेली, सुटली की कारंज्यावानी. हातावर, मानंवर, गालाच्या हितं. ती ओरडली न्हाई. तशीच मागं सरकली आनि खाली बसली, जसं कुनी बस म्हनल्यावर बसावं. बायांनीच ओरडायला सुरवात केली. होतं ते गार पानी, आमच्या डब्यांसंगं नेलेलं, समदं तिच्यावर ओतलं. रस्त्यानं गाड्या चाललेल्या, एक जन काच खाली करून म्हनला, गाडी आजून साईडला घ्या, वळनावर हाय. वळनावर हाय! शेवटी एक नवराबायको थांबले, सूसकडंच चाललेले, त्यांची तान्ही पोर मागच्या सीटवर झोपलेली, त्या बाईनं पोर मांडीवर घेतली आनि कमळला मागं निजवलं. मी संगं गेले. दवाखान्यात त्या बाईनं आपल्या नवऱ्याला कामावर जा म्हनलं आनि ती थांबली, पोर कडेवर घेऊन, सांच्यापर्यंत. तिचं नाव मी इचारलं न्हाई. आजून मनाला लागतंय.

आनि सुपरवायजर? त्यानं समद्यांची गैरहजेरी लावली.

कमळ महिनाभर बेडवर. तिची सासू माझ्या दारात येऊन बोलून गेली, तुझ्या गाडीनं आमची सून भाजली. बोलू दिलं. ह्यांनी म्हनलं, विकून टाकू आता, नजर लागलीया गाडीला. मला एवढा संताप आला त्या नजरंचा! कशाची नजर वो? लोखंडाला नजर लागती व्हय? कुटंतरी काहीतरी वाकडं हाय, आनि ते कुनी नीट बघितलेलं न्हाई, एवढंच. रस्त्यावरच्या पोरांची, मालकांची, फोनवरची बोलनी झाली, इंजिनाकडं कुनी बघितलं न्हाई.

मी गाडी टेंपोमागं बांधून त्याच चौथ्या गॅरेजवाल्याकडं नेली, ज्यानं गॅसकेट घातलं होतं. तो परत म्हनला, मालक... मी त्याला वाक्य पुरं करू दिलं न्हाई. मी म्हनलं, भाऊ, ह्या गाडीनं माझी मैत्रीन भाजली. आता तू हेड माझ्या म्होरं खोलायचं, आनि मी हितनं हलनार न्हाई. त्यानं स्टूल दिलं. मी बसले. जेवनाच्या येळंला बी उठले न्हाई, डबा तितंच खाल्ला, ग्रीसच्या वासात. हेड निघालं. मी म्हनलं, आता हे सपाट हाय का न्हाई ते दाखव. तो म्हनला, दिसतंय की सपाट. मी म्हनलं, दिसतंय नको, दाखव. मग त्यानं लोखंडी पट्टी आनली, हेडच्या खालच्या अंगावर उभी धरली आनि मागनं बॅटरी लावली. पट्टीच्या खालनं उजेड आला. बारीक, पन आला. मधी उजेड, कडंला अंधार. म्हंजे हेड वाकलेलं. नवीन गॅसकेट वाकड्या हेडवर घालून दिलेलं त्यानं, फेसिंग न करता, म्हंजे घासून सपाट न करता. चढाला जोर लागला की त्या फटीतनं जाळ पान्यात जायचा आनि पानी उकळायचं.

त्यानं हेड लेथवाल्याकडं पाठवलं, घासून सपाट करून आनलं, गॅसकेट बसवलं, थर्मोस्टॅट परत घातला, आनि गाडीचं नाक चढावर करून, हळूहळू पानी भरून, बुडबुडं संपेस्तवर हवा काढली. एवढंच होतं. ताई, एवढंच! लवळ्याचा चढ चढले आनि काटा मधी तो मधीच. माझ्या डोळ्याला पानी आलं ते आनंदाचं न्हाई, रागाचं. एवढ्याशा फटीपायी.

मग कमळकडं गेले. हाताची कातडी ताठ झालेली, बोटं पुरी मिटत न्हाईत. फरशीचं फडकं पिळता येत न्हाई म्हंजे कामाचं नावच संपलं. मी रडायला लागले तर म्हनाली, गप. तू नको म्हनलेलीस, मी ऐकलं होतं. तरी उघडलं. त्या पोराचा फोन मला त्या इंजिनापेक्षा गरम वाटला. असं म्हनाली.

आमी समद्या एक दिवस गेटवर उभ्या राहिलो. अंगठा लावला न्हाई. म्हनलं, कमळला बसून करायचं काम द्या, गेटवर पार्सलं घ्यायचं द्या, काय बी द्या. सुपरवायजर म्हनला ठेकेदाराला सांगा, ठेकेदार म्हनला सोसायटीला सांगा, सोसायटीतनं एक मॅडम खाली आल्या, आमचं ऐकून घेतलं, मीटिंगमधी घेते म्हनल्या. ऊन वर आलं. दोघी जनी घरी गेल्या त्या परत आल्याच न्हाईत कामाला. बाकीच्या आमी आत गेलो, आनि अंगठा लावला. काय करनार? घरी चूल हाय. त्या मॅडम नंतर दोनदा लिफ्टमधी दिसल्या, मान हलवली आनि मोबाईल बघायला लागल्या.

कमळ घरी बसली न्हाई मात्र. ती आता इंद्रायनी तांदूळ आनि नाचनीचं पापड घेऊन सूसलाच येती, माझ्याच गाडीतनं, आनि सोसायटीच्या भिंतीला लागून रस्त्याकडंला बसती. वॉचमन हाकलतोय, ती उठती, चार पावलं सरकती, परत बसती. कधी खपतंय, कधी न्हाई. तोच सुपरवायजर तिच्याकडनं तांदूळ घेऊन जातो, भाव करतो वर. ती त्याला कमी करून देत न्हाई, एवढं मात्र हाय. म्होरच्या सीटवर ती बसत न्हाई आता. पार मागं, दाराशी. बाया गप्पा मारत असत्यात, पन चढ आला की तिचा मागनं आवाज येतो, सिंधे, काटा कुटं हाय? मी म्हनती, मधी हाय, गं. परत थोड्या येळानं, सिंधे? मी म्हनती, मधीच हाय. कवा कवा मला चीड येती, इतकं नीट केलंय तरी इचारती. मग वाटतं, इचारू दे. तिच्याशिवाय मला ह्या गाडीबद्दल दुसऱ्या कुनी कधी काय इचारलंच न्हाई.

आता परत ऑइल गळतंय, खाली दगडावर डाग पडतोय रोज. टायमिंग बेल्ट जुना झालाय, तो तुटला तर जागच्या जागी बंद. काबरेटरचं सामान मिळत न्हाई, दुकानदार म्हनत्यात ह्या गाड्या आता कोन वापरतंय. पासिंगला नेली की तितला मानूस आधी गाडीकडं बघतो, मग माझ्याकडं, आनि हसतो. हसू दे. वाडीतनं सूसला दुसरं कोन नेनार हाय ह्या बायास्नी? येश्टीचा तर बोर्डच काढून नेला. जवर दट्टे वरखाली होत्यात तवर न्यायचं, मग बघू. मला कटाळा आलाय, खोटं न्हाई सांगत, पाठ माझी बी आता दुखती, आनि घरी एक मनका आधीच हाय.

चला, बाया खोळंबल्यात बाहेर. तुमी चहा पिऊन जावा, ह्यांनी ठेवलाय, गोड जरा जास्त असतोय त्यांचा. सांभाळून जावा. तुमच्या लेकीबाळी कामाला जात असतील तर वाटंत त्यांना ती पोर कडेवर घेऊन थांबली होती तशी बाई भेटू दे. एवढंच.